वाई प्रांतांतील बालपरवेशी, नेमणूक व पेन्शन

जुन्या दप्तरांच्या याद्या करतांना ‘पेन्शनी कागद’ या एकाच मथळ्याखालीं नाना जातींचे कागद एकत्र बांधण्याचा प्रघात आमच्या संग्राहकांत फार पडला आहे. पेशवाईंतील बालपरवेशीची नोंद, एखाद्या वैदिकाच्या वर्षासनाची सनद, सातारच्या छत्रपतींच्या कारकीर्दींतील नेमणुकेची याद, कंपनी सरकारचें पेन्शनपत्र, आणि मामलेदार कचेरींतील अव्वल कारकुनाच्या नोकरीच्या वर्षांचा हिशेब, हीं सर्व एकाच फडक्यांत नांदत असतात. वाई व मेणवली या बाजूचे कागद पाहतांना ही अडचण आम्हांस वारंवार आली, म्हणून या प्रकरणाचा थोडा उलगडा करण्याचें योजिलें आहे.

हे कागद एका जातीचे नाहींत, हें प्रथम सांगितलें पाहिजे. ते ओळखावयाचे तर कागदास तीन गोष्टी विचाराव्या. पैसा कोणत्या ऐवजावर लावून दिला आहे? तो एका माणसास दिला आहे कीं त्याच्या घरास? आणि देणारें सरकार पालटलें तर पुढच्या सरकारनें तो चालविला काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कागदाच्या मजकुरांतच असतात. तिसऱ्याचें उत्तर बहुधा दुसऱ्याच कागदांत, पुष्कळदां दुसऱ्याच लिपींत व भाषेंत असतें, आणि आमच्या मतें या विषयांतील सर्व मर्म त्या तिसऱ्या प्रश्नांतच आहे. वाई हें गांव या परीक्षेस सोयीचें आहे. आदिलशाही, छत्रपति, मोंगल, पेशवे, पुन्हां सातारकर छत्रपति, कंपनी, इंग्लंडची राणी, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र राज्य इतके धनी या एका घाटानें पाहिले आहेत.

आरंभ वाईच्या उंबरठ्यावरच होतो. अफझलखान १६४९ पासून वाईचा सुभेदार होता, व १६५९ च्या स्वारींत त्याचा तळ वाईसच पडला होता. तेथून घाट चढून प्रतापगडाखालीं तो गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजीं जें व्हावयाचें तें झालें. त्या लढाईनंतर कामास आलेल्या लोकांच्या घरांची महाराजांनीं काय व्यवस्था केली, हें सभासदानें नोंदविलें आहे. मृतांच्या मुलांस चाकरींत घेऊन चालवावें, आणि ज्यांस पुत्र नाहीं त्यांच्या बायकांस निम्मे वेतन चालू ठेवावें, असा त्या व्यवस्थेचा आशय आहे. सभासदानें बखर राजाराम महाराजांच्या वेळीं जिंजीस लिहिली, म्हणजे मध्यें एक पिढी गेली होती, तेव्हां या मजकुरास हिशेबी कागदाची किंमत देतां येणार नाहीं. तथापि जिंजीच्या दरबारांत हा शिरस्ता योग्य व थोरला मानला जात होता, इतकें त्यावरून निःशंक सिद्ध होतें. येथें वयाचा किंवा नोकरीच्या वर्षांचा प्रश्नच नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. म्हातारा झाला म्हणून शिपायास कांहीं द्यावें, ही कल्पना या मजकुरांत नाहीं. कर्ता पुरुष गेला म्हणून घर चालवावें, ही आहे. आणि निम्मे वेतन हें प्रमाण पुढें तीनशें वर्षांनीं निराळ्या वाटेनें परत यावयाचें आहे.

पेशवाईंत या शिरस्त्यास बालपरवेशी हें नांव रूढ झालें. बाल या आपल्या शब्दास फारसी परवरिश म्हणजे पालनपोषण जोडून हा संकर तयार झाला आहे. मुलांच्या नांवानें असला तरी त्याचा लाभ विधवेस, आईस, क्वचित् धाकट्या भावासही मिळे. पानिपताच्या संहारानंतर ही बाब सरकारच्या खर्चांत किती वाढली असेल याची कल्पना करवत नाहीं. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस इहिदे सितैन सालांत पडतो, आणि त्याचा भार इसन्ने सितैन व पुढील सालांच्या कागदांत शोधला पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं या सालांच्या घरगुती याद्या असतील त्यांनीं त्यांतील तैनात व रोजमुरा या सदरांबरोबर बालपरवेशीचें सदरही बारकाईनें पाहावें. इतिहासाचार्य राजवाडे यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला तो वाईस सांपडलेल्या, याच काळांतील पत्रांचा होता. त्यांत लढाई कशी झाली हें मुबलक कळतें. लढाईनंतर घरें कशीं चाललीं याचे कागद मात्र कोणी त्या उत्साहानें छापले नाहींत. रणांगणाचा मोह आमच्या पिढीसही सुटलेला नाहीं.

बालपरवेशी व वर्षासन यांच्यांतील भेद कागदाच्या शेवटच्या ओळींत सांपडतो. वंशपरंपरेनें चालावयाच्या देणगीच्या सनदेंत प्रतिवर्षीं नूतन पत्राचा आक्षेप न करणें, आणि या पत्राची प्रत लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतोन देणें, असा ठराविक मजकूर असतो. या दोन वाक्यांत धनकोचें सर्व संरक्षण आहे. दरसाल नवा हुकूम मागावा लागत नाहीं, आणि मूळ कागद घेणाऱ्याच्या हातांत राहतो. बालपरवेशी बहुधा हिशेबांतील नेमणूक असे. ती खर्चीं पडे ती साल-दरसाल, आणि मुलगा चाकरीजोगा झाला कीं ती त्याच्या तैनातींत मिळून जाई. म्हणून बालपरवेशीच्या असल सनदा संग्रहांत दुर्मिळ व हिशेबांतील नोंदी अधिक, आणि इनाम-वर्षासनांच्या सनदा ढिगांनीं, असा प्रकार आढळतो. ज्याच्या घरीं कागद राहिला त्याचा हक्क पुढें टिकला. ज्याचा कागद सरकारच्या रोजकीर्दींत होता त्याचा हक्क सरकारबरोबर गेला.

सरकार गेलें तें १८१८ सालीं. त्या वर्षीं ११ फेब्रुवारीस एल्फिन्स्टननें साताऱ्यास जो जाहीरनामा काढला, त्यांत बाजीरावाचें राज्य संपल्याचें सांगतांनाच वतनें, इनामें, वर्षासनें, देवस्थानें व धर्मादाय हीं चालतील असें वचन दिलें होतें. हें वचन उदारपणाचें होतें तसेंच सावधपणाचेंही होतें. मुलुख अजून शांत झाला नव्हता, आणि ज्याची भाकरी जुन्या सनदेवर आहे त्यास नव्या सरकारची भीति वाटूं नये हा त्यांतील हेतु उघड आहे. परंतु वचन पाळावयाचें तर कोणास काय मिळत होतें हें कळलें पाहिजे, आणि तें कळण्यास एकच साधन होतें, पेशव्यांचें दप्तर. तें जॉन मॅक्लाउड याच्या ताब्यांत देऊन त्याची मांडणी सुरू झाली. आज आपण ज्यास पेशवे दप्तर म्हणून इतिहासाचें भांडार समजतों, तें कंपनीच्या दृष्टीनें इनामें, सरंजाम व नेमणुका यांचे दावे पडताळण्याचें दप्तर होतें, आणि त्या उपयोगामुळेंच तें रद्दींत गेलें नाहीं. संशोधकांस त्याचे दरवाजे फार वर्षें बंद राहिले याचेंही एक कारण हेंच. एखादा जुना दावा नव्या पुराव्यानें उठेल ही सरकारास धास्ती होती. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भाग निवडून छापले तेव्हां ही कोंडी बरीचशी फुटली.

जाहीरनाम्यांतील वचनाचें पुढें काय झालें, हें मोठ्या नांवांवरून पाहिलें तर एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. मेणवलीचेंच उदाहरण घेऊं. नाना फडणीस १३ मार्च १८०० रोजीं वारले तेव्हां त्यांची पत्नी जिऊबाई अगदीं लहान वयाची होती. बाजीरावानें नानांची मालमत्ता जप्त केली, आणि ही मुलगी लोहगडाच्या आश्रयास राहिली. पुढें १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्ली याच्या मध्यस्थीनें तिच्या सुरक्षिततेची हमी ठरली, व सालीना १२,००० रुपयांची नेमणूक तिला लागली. मेणवलीचा वाडाही तिच्याकडे आला. येथें मुद्दा हा कीं, ही नेमणूक पेशवाई चालू असतांनाच इंग्रजांच्या हमीवर लागलेली होती. म्हणून पेशवाई बुडाली तरी नेमणूक बुडाली नाहीं. तिचा जामीनदार जिवंत होता. आज त्या वाड्यांत व घाटावर चित्रपटवाल्यांची वर्दळ कागद पाहणाऱ्यांपेक्षां अधिक असते, आणि नानांचें मेणवली दप्तर तर तेथून केव्हांच हललें आहे.

बाजीरावाची गोष्ट याच्या अगदीं उलट. ३ जून १८१८ रोजीं तो माल्कमच्या स्वाधीन झाला, त्यापूर्वीं ठरलेल्या अटींत त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहास वर्षास ८ लक्षांहून कमी नाहीं अशी रक्कम देण्याचें होतें. ब्रह्मावर्तास तो २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला. साडेबत्तीस वर्षें धरलीं तर अडीच कोटींहून अधिक रुपये त्यास पोंचले. कंपनीच्या अधिकाऱ्यांस म्हातारा इतका जगेल असें वाटलें नव्हतें. त्याच्या मृत्यूनंतर नानासाहेबानें तीच रक्कम मागितली, तेव्हां सर्व वाद ‘कुटुंब’ या एका शब्दावर आला. डलहौसीच्या सरकारनें हें पेन्शन हयातीपुरतें होतें असें ठरविलें. नानासाहेबाचा वकील अजीमुल्ला १८५३ सालीं विलायतेस गेला तोही रिकाम्या हातानें परतला. मराठी सनदेंत पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें हे शब्द असते किंवा नसते, आणि प्रश्न दोन ओळींत मिटला असता. माल्कमच्या अटी घाईंत, इंग्रजींत आणि संदिग्ध लिहिल्या गेल्या. ज्यास पेशवाईचा कागद लिहावयास शेंकडों कारकून होते, त्या बाजीरावानें आपल्या आयुष्यांतील सर्वांत महत्त्वाचा कागद असा पोंकळ कां घेतला, याचें नवल वाटतें.

सातारच्या राज्यांत हाच धागा तिसऱ्या रूपानें दिसतो. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें प्रतापसिंह महाराजांस जें राज्य मिळालें त्यांत वाई प्रांत होता. त्या तहांत जहागीरदारांच्या जहागिरींस इंग्रजांनीं स्वतःची हमी घातली, आणि १८२० सालीं प्रतिनिधि, सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले व वाईचे शेख मिरे यांच्याशीं वेगवेगळे करार केले. १८३९ सालीं महाराज पदच्युत होऊन काशीस गेले. त्यांची दाद मागण्यास रंगो बापूजी विलायतेंत चौदा वर्षांच्या आसपास झगडले, तें सर्व वाचकांस ठाऊकच आहे. १८४८ च्या एप्रिलांत शहाजीराजे वारले, दत्तक नाकारला गेला व राज्य खालसा झालें. राज्य बुडालें, परंतु त्या राज्याचे जे जहागीरदार इंग्रजी हमीखालीं होते ते राहिले. म्हणजे छत्रपतींपेक्षां त्यांच्या ताबेदारांचा कागद बळकट ठरला. मेणवलीच्या विधवेचा जो अनुभव तोच वाईच्या शेख मिऱ्यांचा, आणि ब्रह्मावर्ताच्या पेशव्याचा जो अनुभव तोच साताऱ्याच्या गादीचा.

इनाम कमिशनच्या कामाविषयीं स्वतंत्र लेख व्हावयास पाहिजे. येथें इतकेंच सांगतों कीं, १८५२ च्या अकराव्या कायद्यानें पुराव्याचें ओझें घेणाऱ्यावर टाकलें, आणि एल्फिन्स्टननें एका ओळींत दिलेलें वचन आतां प्रत्येक घरानें आपापल्या पेटींतून कागद काढून सिद्ध करावयाचें झालें. वाई-साताऱ्याकडील घराण्यांत जुन्या सनदांच्या इंग्रजी शिक्क्याच्या नकला सांपडतात त्या पुष्कळशा या धांवपळीच्या. कुळांचीं नांवें, वंशावळी व भोगवट्याच्या तारखा यांसाठीं त्या फार उपयोगी पडतात. पण वंशावळी दाव्यासाठीं तयार केलेल्या असल्यामुळें त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये.

आतां आरंभीं सांगितलेल्या घोटाळ्याचें मूळ पाहूं. तो संग्राहकांनीं केलेला नाहीं, कायद्यानें केलेला आहे. १८७१ चा तेविसावा कायदा, ज्यास पेन्शनांचा कायदा म्हणतात, त्यानें ब्रिटिश सरकारनें किंवा त्यापूर्वींच्या कोणत्याही सरकारनें दिलेलें पेन्शन, रोख देणगी व जमीनमहसुलाची देणगी हीं सर्व एका पोत्यांत भरलीं. यांपैकीं कशाविषयींही दिवाणी कोर्टानें दावा घेऊं नये. कलेक्टराकडे अर्ज करावा. कलेक्टरानें दाखला दिला तरच कोर्टाची पायरी चढावी, असा त्याचा मुख्य नियम आहे. पेन्शन कर्जासाठीं जप्त होऊं नये ही दयाही त्याच कायद्यांत आहे. यामुळें कलेक्टर कचेरींत एकाच नोंदवहींत पदच्युत घराण्याची नेमणूक, देवस्थानचें रोख वर्षासन व निवृत्त शिरस्तेदाराचें पेन्शन शेजारीं शेजारीं बसलीं, आणि तेथून आलेलें फडकें संग्राहकानें तसेंच गांठ मारून ठेवलें.

वास्तविक शिरस्तेदाराचें पेन्शन ही अगदीं नवी वस्तु होती. तिचा उगम पुण्यांत नव्हे, कंपनीच्या नोकरींत होता. क्लाइव्हला मीर जाफराकडून मिळालेल्या ५ लाखांच्या रकमेंतून १७७० सालीं कंपनीच्या जायबंदी लष्करी नोकरांसाठीं व त्यांच्या विधवांसाठीं जो निधि उभा राहिला, तो या वंशावळीचा एक पूर्वज. पुढें मुलकी नोकरांसाठीं जे नियम बनले त्यांत तोल पार फिरला. पंचावन्न वर्षें वय झालें कीं नोकरी संपावी. शेवटच्या तीन वर्षांच्या पगाराची सरासरी काढावी. दहा वर्षांहून अधिक नोकरीच्या प्रत्येक वर्षास त्या सरासरीचा एक साठांश द्यावा, आणि पंचवीस वर्षांवर तीस साठांश, म्हणजे अर्धा पगार द्यावा, असा तो हिशेब होता. पट्टेवाले, शिपाई वगैरे हलक्या मानलेल्या नोकरीस वेगळा व कमी दर होता. शिवाय पेन्शन मिळूं लागल्यावरही वर्तन चांगलें राहिलें पाहिजे ही अट नियमांतच होती, आणि गैरवर्तनाबद्दल तें काढून घेण्याचा अधिकार सरकारनें राखून ठेवला होता. स्वातंत्र्याच्या चळवळीच्या दिवसांत घरचा पेन्शनर सभेस जाण्यास कां कचरत असे, हें या एका कलमावरून समजतें.

पण या हिशेबी व्यवस्थेंत विधवा कोठें होती? मुलकी कारकून नोकरींत असतां किंवा पेन्शनवर असतां वारला तर त्याच्या बायकोस सामान्यतः पेन्शन नव्हतें. कामावर असतां विशेष कारणानें मृत्यु आल्यास अपवाद होते, आणि भविष्यनिर्वाहनिधींत त्यानें जें सांठविलें असेल तें तिचें. लष्करांत मात्र जुना धागा तुटला नाहीं. सातारा जिल्ह्यांतील आपशिंगे गांवचे ४६ जण पहिल्या महायुद्धांत कामास आले, आणि अशा शिपायांच्या वारसांचीं पेन्शनें जिल्ह्याच्या खजिन्यांतून चालत. तीं बालपरवेशीचींच नवीं रूपें होत. मुलकी नोकराच्या विधवेस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्यास केंद्रांत १९५० उजाडावें लागलें, व बहुतेक सर्वांस तें मिळण्यास १९६४ ची योजना यावी लागली. सभासदाच्या बखरींतील निम्म्या वेतनावर तोंवर तीनशें वर्षें लोटलीं होतीं. आम्ही कंपनीच्या व राणीच्या राज्यांतील नियमबद्धतेस कमी लेखीत नाहीं. दरमहा ठराविक तारखेस, लांचलुचपतीवांचून, ठराविक रक्कम मिळणें ही पेशवाईच्या अखेरीस कोणास स्वप्नांतही न दिसणारी गोष्ट होती. परंतु जुन्या व्यवस्थेंत घर हें एकक होतें, आणि नव्या व्यवस्थेंत तें शंभर वर्षें नव्हतें, हा फरक आमच्या लेखकांनीं पुरेसा मांडलेला नाहीं.

यानंतर सरकारें पुन्हां पालटलीं. ८ मार्च १९४८ रोजीं औंध, फलटण, सांगली, मिरज, जत, भोर वगैरे दक्षिणी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. पुढच्या वर्षीं दक्षिण सातारा जिल्हा निघाला, तोच १९६० पासून सांगली. त्या काळच्या विलीनीकरणाच्या अनेक करारांत दोन वचनें जवळजवळ दिसतात. एक राजेसाहेबांच्या तनख्याचें, दुसरें संस्थानी नोकरांच्या नोकरीचें व पेन्शनचें. तनख्यास राज्यघटनेच्या २९१ व्या कलमाची हमी मिळाली होती. १९७१ सालीं सव्विसाव्या घटनादुरुस्तीनें ती हमी व तनखे दोन्ही गेले. नोकरांच्या पेन्शनास घटनेंत इतकें थोर स्थान नव्हतें, पण तें चालू राहिलें. १८४९ सालीं गादी गेली व ताबेदार राहिले. १९७१ सालीं तनखा गेला व कारकुनाचें पेन्शन राहिलें. पेन्शन या शब्दाच्या पोटीं दोन निराळ्या वस्तु आहेत, एक गेलेल्या सत्तेची भरपाई व दुसरी केलेल्या नोकरीचें फळ, हें आमचें म्हणणें या गोष्टीनें पुरतें सिद्ध होतें.

१९५६ सालीं बेळगांव, धारवाड, विजापूर हे जिल्हे म्हैसूर राज्यास गेले, आणि मराठवाडा व विदर्भ मुंबई राज्यांत आले. हैदराबादेकडील नोकरांस हैदराबादचे नियम, इकडील नोकरांस मुंबईचे. १९६० सालीं महाराष्ट्र व गुजरात विभक्त झाले तेव्हां मुंबई राज्याच्या पेन्शनांचें ओझें कोणी किती उचलावें हें विभाजनाच्या कायद्याच्या अनुसूचींत लिहून ठेवावें लागलें. मरणारें सरकार आपल्या पेन्शनरांची वांटणी करून मेलें, असें या प्रांताच्या इतिहासांत पूर्वीं झालेलें आम्हांस आढळलें नाहीं. महाराष्ट्राचे स्वतंत्र निवृत्तिवेतन नियम १५ ऑगस्ट १९८२ पासून लागू झाले. त्याच वर्षीं १७ डिसेंबरास, यशवंतराव चंद्रचूड हे सरन्यायाधीश असतां, सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें नाकारा यांच्या दाव्यांत निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, असा निकाल दिला. त्या दाव्यांत एका तारखेच्या अलीकडे व पलीकडे निवृत्त झालेल्या नोकरांत भेद केला होता, तो न्यायालयानें रद्द ठरविला. १८७१ च्या कायद्यांतून निघालेल्या मेहेरबानीच्या कल्पनेचा असा शेवट झाला, असें तेव्हां वाटलें.

परंतु तारीख दुसऱ्या दारानें आंत आली. केंद्र सरकारनें १ जानेवारी २००४ पासून, गुजरातनें १ एप्रिल २००५ पासून, गोव्यानें त्याच वर्षीं ५ ऑगस्टपासून, महाराष्ट्रानें १ नोव्हेंबर २००५ पासून व कर्नाटकानें १ एप्रिल २००६ पासून नोकरींत येणाऱ्यांस जुनें पेन्शन बंद केलें. तामिळनाडूनें हें १ एप्रिल २००३ सच केलें होतें. पश्चिम बंगालनें तें केलेंच नाहीं. नाकारा यांच्या दाव्यांतील भेद निवृत्त झालेल्यांतील होता, हा यापुढें येणाऱ्यांतील आहे, म्हणून दोन्ही एक नव्हेत हें खरें. तरी त्याचा परिणाम पाहावा. कागल व निपाणी हीं गांवें एका सडकेवर थोड्या कोसांच्या अंतरावर आहेत. दोन्हीकडे बाजारांत मराठीच ऐकूं येते. २००६ च्या जानेवारींत कागलास राज्य सरकारच्या नोकरींत लागलेला कारकून नव्या योजनेंत गेला, आणि त्याच महिन्यांत निपाणीस लागलेला जुन्या पेन्शनास पात्र राहिला. १९५६ च्या सीमेनें कोणाचें काय गेलें याची मोजदाद करणाऱ्यांनीं हीही एक बाब जमेस धरावी.

नव्या योजनेची घडण आमच्या तीन प्रश्नांस लावून पाहिली तर ती मागील सर्वांहून निराळी दिसते. नोकराच्या पगारांतून दहावा हिस्सा कापतात. सरकार आपला हिस्सा घालतें, जो महाराष्ट्रांत २०१९ पासून शेंकडा १४ आहे. ही रक्कम रोखे व भागबाजारांत गुंतते, आणि निवृत्तीच्या वेळीं निदान शेंकडा ४० रकमेची वार्षिकी घ्यावी लागते. पैसा गांवाच्या महसुलावर नाहीं, खजिन्यावरही नाहीं. तो नोकराच्याच खात्यांत आहे. त्यामुळें सरकार पालटलें तर काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं उरत नाहीं, कारण देणारा असा कोणी राहतच नाहीं. बाजार पडला तर काय, हा प्रश्न मात्र घेणाऱ्याच्या गळ्यांत येतो. पेशवाईंतील विधवेनें सालमजकुरीं स्वारीची लूट किती आली हें पाहावें, तसें आजच्या शिक्षकानें बाजाराचा निर्देशांक पाहावा, असा हा प्रकार आहे.

देणारा नाहींसा झाला हेंही पुरतें खरें ठरलें नाहीं. २०२२ व २०२३ सालांत राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब व हिमाचल प्रदेश यांनीं जुनें पेन्शन पुन्हां लागू करण्याचें ठरविलें. तेव्हां सांठलेली रक्कम राज्यांस परत द्यावी अशी मागणी निघाली, आणि २०१३ च्या कायद्यांत तशी तरतूद नाहीं म्हणून केंद्रानें ती नाकारली. महाराष्ट्रांत मार्च २०२३ मध्यें १४ पासून २० तारखेपर्यंत सरकारी नोकरांनीं संप केला. पुढें २४ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्रानें एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली, व दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ती स्वीकारण्याचें ठरविलें. तींत पंचवीस वर्षें नोकरीवर शेवटच्या बारा महिन्यांच्या मूळ वेतनाच्या सरासरीचा अर्धा भाग, आणि त्याच्या शेंकडा ६० इतकें कुटुंबास, असा हिशेब आहे. पंचवीस वर्षें आणि अर्धा पगार! राणीच्या राज्यांतील तीस साठांशांचा आंकडा पुन्हां कागदावर आला आहे. फरक इतकाच कीं, आतां नोकराचा हिस्सा कापून तो द्यावयाचा आहे, आणि विधवेचें नांव पहिल्या मसुद्यांतच आहे.

एक शब्द मात्र सर्व सरकारांतून तगला आहे. महाराष्ट्रांतील पेन्शनर दरवर्षीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला देतो. बाजीरावाच्या पेन्शनाचा सर्व तंटा ज्या हयात शब्दाभोंवतीं होता तोच हा.

संग्राहकांस शेवटीं एक गोष्ट विनवावयाची आहे. जुन्या पद्धतीच्या पेन्शनपत्राचे दोन अर्ध असतात. एक पैसे देणाऱ्या कचेरींत राहतो व दुसरा पेन्शनराच्या हातीं दिला जातो. प्रत लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतोन देणें, हीच ती रीत. पेन्शनर वारला, मागून त्याची बायको वारली, कीं हा अर्ध रेशनपत्रिकेबरोबर व विजेच्या बिलांबरोबर बाहेर टाकला जातो. त्यावर नोकरींत लागल्याची तारीख, खातें, शेवटचें वेतन व वारसाचें नांव असतें. औंध-सांगलीसारख्या संस्थानांतून मुंबई राज्यांत आलेल्या नोकरांच्या कागदांवर त्यांची मागील नोकरी कशी धरली याचाही मजकूर मिळूं शकेल. वाई, औंध, सांगली, मिरज या बाजूचे असे अर्ध व सेवापुस्तकांच्या नकला ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं त्या वेगळ्या बांधून, त्यांवर ‘नोकरीचें पेन्शन’ असा मथळा घालून, सनदांच्या रुमालापासून निराळ्या ठेवाव्या.